'तरुण' अस्थीची वाढ : हनुसंधी, काशीची अस्थिगणना आणि आधुनिक प्रतिमांकन

काशीच्या पंचगंगा घाटाच्या पायऱ्या चढून गल्ल्यांच्या दाटीत शिरले, की मंगला गौरीचे देऊळ लागते. सूर्याने येथे तप करून गभस्तीश्वर आणि मंगला गौरी यांची स्थापना केली, अशी काशीखंडातील कथा आहे. हा घाट आणि त्याच्या शेजारचे दुर्गाघाट व ब्रह्माघाट हे मराठी कुटुंबांच्या वस्तीचे जुने भाग होत. एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावरील आपला ग्रंथ १५७३ साली याच नगरीत पूर्ण केला. विश्वनाथाचा 'व्रतराज' हा व्रतविषयक निबंधग्रंथही १७३६ साली काशीतच रचला गेला. श्रावणातल्या मंगळवारी नवविवाहिता जी मंगळागौर पुजते, ते व्रत लग्नानंतर पाच वर्षे चालते.

मुलींची लग्ने आठव्या-दहाव्या वर्षी होत असत, त्या काळी ही पाच वर्षे तेराव्या ते पंधराव्या वर्षाच्या आसपास सरत. व्रताची गणना विवाहापासून सुरू होते. शरीराची गणना निराळी असते. शरीर वाढून पूर्ण कधी होते, हा प्रश्न वैद्यकाने विचारला, धर्मशास्त्राने विचारला आणि पुढे न्यायालयांनीही विचारला. त्याचे उत्तर शोधण्याचे एक लहानसे परंतु बोलके स्थान म्हणजे जबड्याचा सांधा. चेहऱ्याच्या हाडांत खालच्या जबड्याची वाढ सर्वांत शेवटी थांबते, आणि त्या वाढीतला मोठा वाटा कानापुढच्या या सांध्याशी घडतो. ती वाढ कशी मोजतात, मोजलेल्या आकड्याचा अर्थ काय होतो, आणि काशीशी निगडित असलेल्या ग्रंथपरंपरेने याच प्रश्नाकडे कसे पाहिले, याचा विचार येथे करावयाचा आहे.

१

'हनु' हा शब्द फार जुना आहे. ग्रीक 'गेनुस' आणि इंग्रजी 'चिन' हे त्याचे सगोत्र शब्द. मराठीत तो 'हनुवटी'त टिकून राहिला आहे. बालपणी जबड्याला झालेल्या इजेची भारतीय वाङ्मयातील सर्वांत प्रसिद्ध कथाही याच शब्दाभोवती उभी आहे. वाल्मीकिरामायणाच्या किष्किंधाकांडात जांबवान सांगतो, की सूर्याकडे झेपावलेला बालक इंद्राच्या वज्राने पर्वतशिखरावर कोसळला, त्याची डावी हनू भंगली आणि त्यावरून त्याला हनुमान हे नाव मिळाले. कवीने येथे वैद्यक सांगितलेले नाही. तथापि उंचावरून पडणे, एका बाजूची हनू भंगणे आणि ती खूण जन्मभर राहणे, हा क्रम कोणत्याही काळच्या शस्त्रवैद्याला ओळखीचा वाटेल असा आहे.

वैद्यकाचा विचार सुश्रुतसंहितेत येतो. काशिराज दिवोदास धन्वंतरी सुश्रुतादी शिष्यांना शल्यतंत्र सांगत आहे, अशी त्या ग्रंथाची मांडणीच आहे. त्याच्या शारीरस्थानात अस्थींचे पाच प्रकार दिले आहेत : कपाल, रुचक, तरुण, वलय आणि नलक. रुचक म्हणजे दात. नाक, कान आदी ठिकाणच्या लवचिक हाडांना 'तरुण' म्हटले आहे. सांध्यांचे आठ प्रकार सांगून जबड्याच्या दोन्ही बाजूंच्या सांध्यांना 'वायसतुंड', म्हणजे कावळ्याच्या चोचीसारखे, असे नाव दिले आहे. चिकित्सास्थानात हा सांधा निखळल्यास तो शेकावा, जागी बसवावा आणि पंचांगी नावाचा बंध बांधावा, अशी योजना आहे.

अस्थींच्या एकूण संख्येविषयी मात्र ग्रंथांत एकमत नाही. चरकाच्या परंपरेत ती ३६० आहे, सुश्रुताच्या शल्यतंत्रात ३००. जबड्याच्या बाबतीत हा भेद विशेष ठळक दिसतो. सुश्रुताच्या यादीत हनूची हाडे दोन आहेत. चरकाच्या यादीत हन्वस्थी एक आणि 'हनुमूलबंधने' दोन. याज्ञवल्क्यस्मृतीत जी अस्थिगणना आली आहे, तीही या ठिकाणी चरकाच्याच वाटेने जाते. हनुमूल म्हणजे जबड्याचा उभा भाग, ज्याच्या माथ्यावर सांध्याचा कंद असतो, असा अर्थ येथे लावता येतो. एका पक्षाने जबडा डावा-उजवा असा पाहिला, दुसऱ्याने मूळ आणि विस्तार असा पाहिला.

या याद्यांचा पहिला चिकित्सक अभ्यास रूडॉल्फ हर्न्ले यांनी केला. १८७० च्या सुमारास ते काशीच्या जयनारायण कॉलेजात संस्कृत शिकवीत होते. भाषाभ्यासकांना ते १८८० साली प्रसिद्ध झालेल्या गौडीय भाषांच्या तौलनिक व्याकरणामुळे परिचित आहेत. त्या व्याकरणात मराठीचा विचार दक्षिण गौडीय म्हणून झाला आहे. त्याच अभ्यासकाने १९०७ साली ऑक्सफर्डहून प्राचीन भारतीय अस्थिविज्ञानावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. चरक, सुश्रुत, वाग्भट, याज्ञवल्क्य, विष्णुस्मृती आणि पुराणे यांतील याद्या शेजारी शेजारी ठेवून, पाठभेद तपासून, मूळ गणना कोणती असावी हे त्यांनी ठरविण्याचा यत्न केला. पुढे काशी हिंदू विश्वविद्यालयात अध्यापन करणारे महाराष्ट्रीय पंडित भास्कर गोविंद घाणेकर यांनी सुश्रुतावर 'आयुर्वेदरहस्यदीपिका' ही हिंदी व्याख्या लिहिली आणि जुन्या संज्ञा आधुनिक शरीरशास्त्राच्या प्रकाशात वाचण्याची वाट मोकळी केली.

सुश्रुताची संख्या आजच्या प्रौढ सांगाड्यातील २०६ या संख्येहून मोठी का, याचे एक कारण त्याच्या गणनेतच आहे : दात आणि तरुणास्थी त्याने हाडांतच मोजल्या. जबडा एक की दोन, याचेही उत्तर वयावर अवलंबून राहते. नवजात अर्भकाच्या खालच्या जबड्याचे दोन अर्ध असतात आणि ते पहिल्या वर्षात मध्यरेषेवर सांधतात. सुश्रुताने अर्भकाचे शरीर पाहून 'दोन' म्हटले, असे यावरून सिद्ध होत नाही. हाडांची संख्या ही वयावेगळी सांगता येत नाही, एवढे मात्र निश्चित होते.

२

आज ज्याला हिंदीत 'उपास्थि' आणि मराठीत 'कूर्चा' किंवा 'कास्थी' म्हणतात, त्या ऊतकाला सुश्रुताने दिलेले 'तरुण' हे नाव येथे अर्थपूर्ण ठरते. 'उपास्थि' हा शब्द दर्जा सांगतो. 'तरुण' हा शब्द काळ सांगतो. मराठी बोलीतही हाड कोवळे असते आणि पुढे जून होते. हनुसंधीची वाढ ही अक्षरशः कोवळे हाड जून होण्याची क्रिया आहे.

खालच्या जबड्याच्या उभ्या भागाच्या माथ्यावर एक लंबगोल कंद असतो. तो कानापुढे शंखास्थीच्या खळगीत बसतो. दोहोंमध्ये एक लवचिक चकती असते. वाढत्या वयात या कंदावर तंतुमय आवरण आणि त्याखाली कूर्चेचा थर असतो. या थरात नव्या पेशी निर्माण होतात आणि त्याच्या खालच्या अंगाला कूर्चेची जागा हाड घेत जाते. अशा रीतीने कंद वर आणि मागे वाढतो. परंतु वर कवटी आहे. तिकडे त्याला सरकता येत नाही. यास्तव वाढीचा दृश्य परिणाम उलट दिशेला होतो आणि हनुवटी खाली व पुढे येते. ही कूर्चा स्वतः जबड्याला पुढे ढकलते, की भोवतालच्या स्नायूंच्या व मऊ भागांच्या वाढीला प्रतिसाद देते, याविषयी विसाव्या शतकात दीर्घ वाद झाला. ती भोवतालच्या क्रियेला पुष्कळ प्रतिसाद देते, हे त्या वादातून सर्वमान्य झाले.

ही वाढ मोजण्याचा मार्ग सोपा नव्हता. रंटगेन यांनी १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लावला, तरी दोन वेगवेगळ्या वर्षी घेतलेली छायाचित्रे एकमेकांशी ताडून पाहता येत नसत, कारण डोक्याची ठेवण आणि किरणांचे अंतर दर वेळी बदले. १९३१ साली अमेरिकेत ब्रॉडबेंट आणि जर्मनीत होफ्राथ यांनी स्वतंत्रपणे मस्तक स्थिर धरणारी पद्धती सिद्ध केली. ब्रॉडबेंटच्या मांडणीत किरणांचे उगमस्थान मस्तकापासून पाच फुटांवर ठरलेले होते. यामुळे चित्रातील विस्तार दर वेळी सारखाच राहू लागला आणि एकाच मुलाची अनेक वर्षांची चित्रे एकमेकांवर ठेवता येऊ लागली. कवटीच्या तळाचा पुढचा भाग साधारण सातव्या वर्षानंतर फारसा बदलत नाही. तो आधार धरून जबडा किती सरकला ते मोजतात.

तरीही एक अडचण उरली. हाडाचा पृष्ठभाग एका बाजूने झिजतो व दुसऱ्या बाजूने भरतो. त्यामुळे जबड्यावर नैसर्गिक अशी अचल खूण मिळत नाही. कोपनहेगन येथील ब्यर्क यांनी १९५१ पासून मुलांच्या जबड्यात टॅंटलम धातूच्या बारीक टाचण्या बसवून हा प्रश्न सोडविला. त्या टाचण्या जागच्या जागी राहत आणि भोवतालचे हाड किती बदलले ते सांगत. त्यांच्या १९६३ च्या निबंधातून दिसले, की बाल्यात कंदाची वाढ वर्षाला साधारण ३ मिलीमीटर होते, यौवनारंभापूर्वी ती किंचित मंदावते आणि यौवनारंभी काही काळ वर्षाला ५ मिलीमीटरच्याही पुढे जाते. वाढीची दिशा मुलागणिक पुष्कळच भिन्न असते, हाही त्यांचा महत्त्वाचा निष्कर्ष होता.

मोजमाप करणाऱ्याने पाळावयाचा एक नियम येथे सांगणे अवश्य आहे. एकच चित्र एकाच व्यक्तीने दोनदा मोजले, तरी दोन आकडे तंतोतंत जुळत नाहीत. हा फरक म्हणजे मोजणीची चूक. दोन वर्षांच्या चित्रांतील अंतर या चुकीहून मोठे नसेल, तर वाढ झाली असे म्हणण्याचा अधिकार पोचत नाही.

३

साध्या क्ष-किरणपटावर तीन मितींची वस्तू दोन मितींत येते आणि हनुसंधीवर कवटीच्या इतर हाडांची छाया पडते. १९७१ साली हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मस्तकाचे छेदचित्र घेतले; १९७९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या सी. टी. पद्धतीने सांध्याचा आडवा-उभा छेद दिसू लागला. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस शंकूच्या आकाराचा किरणझोत वापरणारी, चेहऱ्यापुरती मर्यादित आणि नेहमीच्या सी. टी.पेक्षा सामान्यतः कमी किरणमात्रा देणारी यंत्रे आली. एम. आर. आय. पद्धतीत क्ष-किरण नसतात. चकती आणि मऊ भाग पाहण्यासाठी ती उपयोगी पडते.

या छेदचित्रांत वाढ संपल्याची एक खूण दिसते. वाढत्या कंदाच्या माथ्यावर घट्ट हाडाचे अखंड कवच नसते. वाढ मंदावू लागली, की कंदाच्या कडेला पातळ पांढरी रेषा उमटते. ती हळूहळू सलग होते, जाड होते, आणि शेवटी संपूर्ण माथ्यावर एकसारखे घट्ट कवच तयार होते. दहा ते तीस वर्षे वयाच्या व्यक्तींची छेदचित्रे तपासून पेकिंग विद्यापीठातील अभ्यासकांनी २०१३ साली जो निबंध प्रसिद्ध केला, त्यानुसार ही रेषा साधारण बाराव्या ते चौदाव्या वर्षी उमटू लागते आणि पूर्ण कवच एकविसाव्या-बाविसाव्या वर्षापर्यंत सिद्ध होते. स्त्रियांत ते पुरुषांच्या आधी घडते.

येथे सुश्रुताच्या सूत्रस्थानातील वयोविभाग सहज आठवतो. सोळाव्या वर्षापर्यंत बाल्य, नंतर विसाव्यापर्यंत 'वृद्धी', तिसाव्यापर्यंत 'यौवन' आणि चाळिसाव्यापर्यंत 'संपूर्णता' असा क्रम त्याने दिला आहे. वाढीची सीमा विसावे वर्ष मानणे आणि कंदाचे कवच एकविसाव्या वर्षाच्या आसपास पुरे होणे, या दोहोंतील जवळीक पाहून प्राचीनांना सारे ठाऊक होते असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. सुश्रुताचे विधान उघड्या डोळ्यांनी केलेल्या निरीक्षणावर आणि दशकांच्या सोयीस्कर विभागणीवर उभे आहे. कंदाच्या माथ्यावरचे कवच त्याने पाहिल्याचे कोठेही दिसत नाही. त्याच्या विभागणीतून घेण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. बालपण संपणे, वाढ संपणे आणि सामर्थ्य पूर्ण होणे या तीन गोष्टी त्याने तीन वेगवेगळ्या सीमांवर ठेवल्या.

आधुनिक आकड्यालाही त्याच्या मर्यादा आहेत. यंत्रातील चित्रकण साधारण ०.१ ते ०.४ मिलीमीटरचा असतो. त्याहून पातळ कवच असले, तर ते चित्रात हरवते. न दिसणे म्हणजे नसणे नव्हे. दुसरी मर्यादा अभ्यासाच्या रचनेची. निरनिराळ्या वयांच्या निरनिराळ्या व्यक्ती एकदाच तपासून जी सरासरी मिळते, ती कोणा एका मुलाच्या वाढीचा इतिहास नसते. एककालिक आणि ऐतिहासिक भाषाभ्यासातला भेद जाणणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. एका मुलाची वाढ खरोखर थांबली का, हे त्याचीच काही महिन्यांच्या अंतराची दोन चित्रे ताडून अधिक खात्रीने कळते.

४

एवढ्या बारकाव्याची गरज कोणाला, असे विचारले जाईल. पहिले उत्तर इजा झालेल्या मुलाचे आहे. घाटाच्या पायरीवर वा घराच्या गच्चीवरून मूल हनुवटीवर पडते. हनुवटीची जखम शिवली जाते, परंतु आघात वर कंदापर्यंत पोचलेला असतो. तेथला भंग ध्यानात आला नाही, तर सांध्यात रक्त साकळून पुढे हाड हाडाला चिकटू शकते. कानाच्या जुन्या पुवाळ्यानेही असे घडते. निरोगी प्रौढाचे तोंड साधारण ४० ते ५० मिलीमीटर, म्हणजे स्वतःची तीन बोटे उभी मावतील इतके, उघडते. अशा मुलाच्या तोंडात एक बोटही शिरत नाही. शिवाय वाढीचे स्थानच जखडल्यामुळे जबडा लहान राहतो. एकच बाजू जखडली असल्यास हनुवटी इजेच्या बाजूस वळते. दोन्ही जखडल्यास ती मागे राहते आणि झोपेत श्वास कोंडू लागतो. लवकर निदान आणि शस्त्रक्रिया यांनी यातले पुष्कळसे टाळता येते.

याच्या उलट, काही तरुणांत एका बाजूचा कंद वाढायचा थांबतच नाही आणि चेहरा दुसऱ्या बाजूस वळत जातो. तेथे शस्त्रक्रिया केव्हा करावी हे वाढ चालू आहे की थांबली आहे यावर ठरते. यासाठी टेक्नेशियमचा किरणोत्सारी अंश देऊन दोन्ही कंदांतील क्रियाशीलता ताडून पाहतात. दोन बाजूंतील फरक दहा टक्क्यांहून अधिक असल्यास वाढ चालू असल्याचा संशय घेतात. कोवळ्या वयात किरणांची मात्रा अधिक बाधते, म्हणून केवळ कुतूहलापोटी अशी चित्रे घेऊ नयेत हेही तितकेच महत्त्वाचे.

दुसरे उत्तर न्यायालयाचे आहे. पुरुषाचे पंचविसावे आणि स्त्रीचे सोळावे वर्ष ही समान वीर्याची वये होत, हे सुश्रुताचे वचन एकोणिसाव्या शतकात बालविवाहाविरुद्ध पुढे करण्यात आले. दयानंदांच्या 'सत्यार्थप्रकाशा'त ते आढळते, आणि त्या ग्रंथाची पहिली आवृत्ती १८७५ साली काशीतच छापली गेली होती. मराठी समाजात रखमाबाईंचा खटला १८८४ ते १८८८ या काळात गाजला. १८९१ च्या कायद्याने संमतिवय दहावरून बारा केले. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाची किमान मर्यादा चौदा ठरविली. या साऱ्या वादात वय ही एक संख्या होती आणि ती सिद्ध करणारा कागद बहुतेकांजवळ नव्हता.

तो प्रश्न अजून मिटलेला नाही. २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार वय ठरविताना शाळेचा किंवा परीक्षा मंडळाचा दाखला आधी पाहिला जातो, तो नसल्यास नगरपालिका वा पंचायतीने दिलेला जन्मदाखला, आणि तोही नसेल तरच हाडांची परीक्षा. ही उतरंड विचारपूर्वक केलेली आहे. १९८२ साली जयमाला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हाडांवरून काढलेल्या वयात दोन्ही बाजूंना दोन वर्षांचा फरक संभवतो हे नमूद केले. सतरा आणि एकोणीस यांमध्ये त्या व्यक्तीचे सारे आयुष्य फिरू शकते. मनगट, कोपर, गळपट्टीचे हाड ही या परीक्षेतील परिचित स्थाने. हनुसंधीच्या कवचाची साक्ष त्यांना फार तर जोड देऊ शकेल. पूर्ण कवच दिसले तर वाढ सरली एवढे म्हणता येईल. जन्माची तारीख त्यातून निघत नाही. आणि कवच अपुरे दिसले म्हणून ती व्यक्ती अठराच्या आतली आहे असेही ठरत नाही, कारण अठरा पुरी झालेल्या पुष्कळांत ते अपुरेच असते.

हर्न्ले यांनी अस्थींच्या याद्या वाचताना एका पोथीवर विसंबून निर्णय दिला नाही. पोथी कोणत्या परंपरेची, गणना कोणत्या हेतूची, लेखकाची चूक कोठे शक्य आहे, हे पाहिले. छेदचित्राच्या वाचकालाही हेच प्रश्न विचारावे लागतात : यंत्र कोणते, मूल कोणत्या समाजातले, चूक किती संभवते, आणि याच मुलाचे आधीचे चित्र आहे काय. मंगला गौरीचे व्रत पाच वर्षे मोजते, कायदा अठरा मोजतो, सुश्रुत वीस मोजतो आणि कंदावरची पांढरी रेषा बाराव्या वर्षापासून बाविसाव्यापर्यंत सावकाश पुरी होत जाते. यांपैकी पहिल्या तीन सीमा माणसाने आपल्या कामासाठी आखल्या आहेत आणि त्यांची गरजही आहे. चौथीला सीमा म्हणता येत नाही. तो कोवळेपणातून जूनपणाकडे जाणारा दहा वर्षांचा प्रवास आहे, आणि तिचे वाचन करणाऱ्याने आपल्या निर्णयात त्या दहा वर्षांना जागा ठेवली पाहिजे.